कापूस आणि कोळसा

गणपती चार दिवसांवर आले होते आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. मखराचे पुठ्ठ्याचे आणि प्लायवूडचे खांब कापून तयार होते, त्यांना सोनेरी रंग द्यायचा तेवढा राहिला होता. कुंचल्याने दोन रात्री गेल्या असत्या. म्हणून आम्ही स्प्रे-रंगाचे दोन डबे आणले, आतल्या खोलीत वर्तमानपत्रे अंथरली, पावसाची झड येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली आणि २०२० च्या साथीपासून कपाटात पडून असलेला एन-९५ मास्क तोंडाला लावून कामाला लागलो. तासाभरात खांब झळकू लागले. आमचे डोके मात्र भणभणत होते, घसा चरचरत होता आणि उठताना तोल गेल्यासारखे झाले. मास्क काढून पाहिला तर बाहेरून सोनेरी आणि आतून स्वच्छ पांढरा! आठवीतल्या आमच्या मुलीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "बाबा, रंग आत आलाच नाही, तर वास कसा आला?"

रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाला हा प्रश्न मास्क लावण्यापूर्वी पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण 'मास्क' या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू घालतो. त्या वेगळ्या आहेत हे शास्त्रज्ञांनाही सहजासहजी उमगले नाही. एकदा कळून ते पुन्हा विसरले गेले आणि मग फार मोठी किंमत देऊन दुसऱ्यांदा शिकावे लागले.

आधी डब्यातून काय बाहेर पडते ते पाहू. बंद खोलीत कौलातून किंवा झरोक्यातून कवडसा येत असेल तर त्यात तरंगणारे धुलिकण आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या कवडशात रंगाचा फवारा मारला तर उन्हाचा पट्टा एकदम दाट दिसू लागतो. हे रंगाचे थेंब. त्यांत रंगद्रव्य असते आणि ते चिकटवून धरणारी राळ असते. काही थेंब मोठे असतात, ते जमिनीवर बसतात. काही इतके बारीक असतात की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. पण याच थेंबांत अ‍ॅसिटोन, टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके असतात. थेंब हवेत असतानाच आणि खांबावर बसल्यावरही, द्रावकाची वाफ होत राहते. ही वाफ म्हणजे सुटे रेणू. ते कवडशात दिसत नाहीत. थोड्या वेळाने थेंब खाली बसतात, कवडसा पूर्वीसारखा होतो आणि आपल्याला वाटते की हवा स्वच्छ झाली. (२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यापूर्वी ज्यांनी थर्माकोलच्या मखरावर असा रंग मारला असेल, त्यांना खांबांना पडलेले खड्डे आठवत असतील. ते रंगाने नव्हे, द्रावकाने केले होते.)

तेव्हा शत्रू दोन आहेत, कण आणि वाफ. आता इतिहास.

मुखवट्याचा एक फार जुना उल्लेख रंगाच्याच धंद्यातला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने हिंगुळाच्या कारखान्यांविषयी लिहिले आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे लाल खनिज, त्या काळचे मोलाचे रंगद्रव्य. तिथले कामगार जनावराच्या मूत्राशयाच्या पातळ कातडीचे सैल मुखवटे बांधत, म्हणजे विषारी धूळ नाकात जात नसे. पुढे १७०० साली रामाझिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने चित्रकारांच्या खंगलेल्या प्रकृतीचा दोष त्यांच्या रंगांना दिला. रोग्याला 'तुझा धंदा काय?' हे विचारा, असे वैद्यांना बजावणारा हाच तो. पण धूळ आणि वाफ असा भेद या काळात कोणी केला नव्हता. हवेत काहीतरी वाईट आहे, तोंड झाका, एवढेच.

वाफेचा धागा प्रथम हाती लागला तो जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाच्या. मेलेली जनावरे उघड्या पेटीत कोळशाच्या भुकटीत पुरून ठेवली तर शरीर कुजते, पण दुर्गंधी सुटत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. १८५४ मध्ये त्याने बारीक तारेच्या दोन जाळ्यांमध्ये लाकडी कोळसा भरून नाकातोंडावर बसणारा श्वासरक्षक तयार केला. त्या काळी रोग दूषित वासातून होतात अशी समजूत होती, त्यामुळे वास थांबला म्हणजे रोग थांबला, असे गणित होते. गणित चूक, पण उपकरण बरोबर. विज्ञानाच्या इतिहासात हे वरचेवर घडते.

कोळसा हे कसे करतो? तो स्पंजासारखा वाफ पिऊन घेत नाही. वाफेचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात आणि परीक्षेपुरता तो फरक मुले पाठ करतात. फरकाचे मर्म पृष्ठभागात आहे. कोळसा वाफेत तापवून त्याची सूक्ष्म छिद्रे मोकळी केली की त्याला सक्रिय कोळसा म्हणतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे जमीन भरेल. चिमूटभर काळ्या भुकटीत दहा गुंठे! मात्र गुंठे कितीही झाले तरी ते मोजकेच. जागा भरली की नवा रेणू बसणार कुठे?

कणांचा धागा जॉन टिंडालने उचलला. टिंडाल परिणाम आपण दरवर्षी कलिले शिकवताना करून दाखवतो, तोच हा टिंडाल. प्रकाशाचा झोत हवेत सोडून तो तरंगते कण पाहत असे. कापसातून गाळलेल्या हवेत झोत दिसेनासा होतो, झोताच्या वाटेवर काळोख पडतो, हे त्याने पाहिले होते. १८७० च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर त्याने व्याख्यान दिले. कापूस रोगजंतूही अडवील, असे त्याचे म्हणणे होते. तेवढ्यावर थांबला असता तर तो आमच्यासारखाच एन-९५ लावून रंग मारायला बसला असता!

पण त्याने आगीच्या बंबावरील जवानांचा प्रश्न हाती घेतला. धूर म्हणजे कण, कण कापसात अडकतात, तेव्हा कापसाचा श्वासरक्षक पुरे झाला पाहिजे. कापूस जास्त चिकट व्हावा म्हणून त्याने त्याला ग्लिसरीन लावले. धुराचे कण अडकले, तरी श्वास घेववेना. धुरात जळत्या लाकडाच्या झोंबणाऱ्या वाफाही होत्या आणि त्या कापसातून बिनदिक्कत आत येत होत्या. आमच्या मुलीचा प्रश्न तो हाच! तेव्हा टिंडालला स्टेनहाउसचा कोळसा आठवला. कापूस, ग्लिसरीनचा कापूस आणि कोळशाचे तुकडे असे थर एका नळीत भरून, शिवाय कार्बन डायॉक्साइडसाठी चुना घालून, त्याने १८७१ च्या सुमारास नवा श्वासरक्षक बनवला. चाचणीची जागा म्हणजे संस्थेतील तळघरासारखी दगडी खोली. तीत राळेने भरलेले पाइनचे लाकूड शेगडीत धुमसत ठेवले. डोळ्यांना चष्मे लावून टिंडाल आणि त्याचा मदतनीस त्या धुरात अर्ध्या तासाहून अधिक वेळ बसले. उघड्या तोंडाने तिथे एक श्वासही सहन झाला नसता. लंडनच्या अग्निशामक दलाचे प्रमुख कॅप्टन शॉ यांनी आपली माणसे आणून उपकरण पारखून घेतले.

कण आणि वाफ या दोन्हींसाठी दोन वेगवेगळे थर एकाच डबीत हवेत, ही गोष्ट अशा रीतीने १८७१ मध्येच कळलेली होती. (कार्बन मोनॉक्साइड मात्र यातील कशानेही अडत नाही. म्हणून आजचे जवान पाठीवर हवेचे नळकांडेच घेऊन जातात.)

इकडे रंगाच्या दुनियेत मोठा बदल होत होता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या अवाढव्य इमारती वेळेत पांढऱ्या करण्यासाठी दाबलेल्या हवेने रंग फवारला गेला. १९०७ मध्ये अमेरिकेतील टोलेडो गावच्या थॉमस डीव्हिल्बिस याने हातात धरायची रंगाची पिचकारी केली. तिचे मूळ पाहण्यासारखे आहे. त्याच्या डॉक्टर वडिलांनी रोग्यांच्या घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण काढले होते, त्याचीच ही सुधारून मोठी केलेली आवृत्ती. औषध घशात खोलवर पोचावे म्हणून केलेल्या युक्तीने आता रंग फवारला जाऊ लागला, आणि तोही अर्थातच घशात खोलवर पोचू लागला.

तेवढ्यात पहिले महायुद्ध आले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. दोस्तांकडे काहीही तयारी नव्हती. घाईघाईने कापसाच्या आणि कापडाच्या घड्या हायपोच्या द्रावणात बुडवून वाटण्यात आल्या. हायपो क्लोरीनशी संयोग पावते, म्हणून त्या थोड्याफार चालल्या. दुसरा वायू आला की दुसरे रसायन शोधायचे, असा तो पाठशिवणीचा खेळ होता. त्यातून सुटका केली पुन्हा कोळशानेच. रशियात झेलिन्स्कीने १९१५ मध्ये सक्रिय कोळशाचा मुखवटा पुढे आणला. ब्रिटनमध्ये एडवर्ड हॅरिसन या औषधशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये, छातीवर डबा आणि तोंडापर्यंत नळी, असा लहान आणि हलका श्वासरक्षक सैन्याला दिला. चाचण्यांत हॅरिसन स्वतः वायूत उतरत असे. युद्धविरामाला एक आठवडा उरला असताना तो न्यूमोनियाने वारला. अमेरिकेत कोळशासाठी नारळाच्या करवंट्या सर्वांत चांगल्या ठरल्या. त्या पुरेनात तेव्हा १९१८ मध्ये शाळकरी मुलांसह सगळ्या देशाने पीचच्या कोयी गोळा केल्या. करवंटीच्या कोळशाचे ते मोठेपण अजून टिकून आहे.

कोळशाने युद्ध जिंकले असे वाटत असतानाच, जुलै १९१७ मध्ये जर्मनांनी आर्सेनिकयुक्त संयुगांचे तोफगोळे आणले. ही संयुगे वायू नव्हती. त्यांचा अतिसूक्ष्म धूर होई आणि तो कोळशाच्या डब्यातून सरळ आत येई. माणूस शिंकून शिंकून बेजार व्हावा, मुखवटा काढून फेकावा आणि मग खऱ्या विषारी वायूला सापडावा, असा बेत होता. (गोळे फुटून पुरेसा बारीक धूर होत नसे, म्हणून बेत फारसा साधला नाही.) इतका चांगला कोळसा धुरापुढे का हरला? वायूचा रेणू अत्यंत चपळ असतो. कोळशाच्या दाण्यांमधून जाताना तो इकडेतिकडे इतका धडपडतो की कुठल्यातरी भिंतीवर आदळतोच. धुराचा कण रेणूच्या मानाने अजस्र आणि सुस्त. दाण्यांमधल्या फटींतून हवेच्या प्रवाहाबरोबर तो आरामात निघून जातो. मग डब्यांना कापूस, नमदा अशा गाळण्या जोडाव्या लागल्या. टिंडालला कापूस आधी सापडला आणि कोळसा घालावा लागला. सैन्याला कोळसा आधी सापडला आणि कापूस घालावा लागला. शेवटी डबी तीच झाली. टिंडालचा निबंध ग्रंथालयात पडून होता आणि तरी ही शिकवणी १९१७ मध्ये रणांगणावर पुन्हा घ्यावी लागली, ही गोष्ट आम्हाला व्यक्तिशः फार अस्वस्थ करते.

युद्ध संपले. दारूगोळ्यासाठी वाढवलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या उत्पादनाला नवे गिऱ्हाईक हवे होते. १९२३ मध्ये त्यापासून केलेला झटपट वाळणारा ड्यूको हा रंग मोटारींवर आला. पूर्वी जे काम वाळायला आठवडे लागत ते काही तासांत होऊ लागले. पण इतक्या लवकर वाळणारा रंग कुंचल्याने पसरेना, तो फवारावाच लागे. शिवाय पातळ करण्यासाठी द्रावक भरपूर लागे आणि त्यात अनेकदा बेंझीन असे. बेंझीनने रक्त बनवणारी मज्जा नासते. १९२६ मध्ये विन्स्लो यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन समितीने बेंझीनच्या धोक्यांवर अहवाल दिला. त्या देशाच्या खाण-विभागाने धूळ आणि तुषार यांसाठीच्या श्वासरक्षकांच्या चाचण्या १९३४ मध्ये ठरवल्या. रंग फवारणाऱ्याला लागणाऱ्या, वाफ अडवणाऱ्या डब्यांच्या चाचण्या यायला १९४४ साल उजाडले.

कापसाविषयीची एक समजूतही याच सुमारास दुरुस्त झाली. आपल्याला वाटते की गाळणी म्हणजे चाळणी, छिद्रापेक्षा मोठा कण अडकतो आणि लहान निसटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्विंग लँगम्यूरने धुराच्या गाळण्यांचा अभ्यास केला तेव्हा चित्र निराळे निघाले. मोठे कण वळणावर वळू शकत नाहीत, धाग्यावर आदळतात. अगदी लहान कण ब्राउनीय गतीने इकडेतिकडे भटकत धाग्याला जाऊन चिकटतात. सर्वांत कठीण मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून गाळणीची परीक्षा त्याच आकारावर घेतात. एन-९५ मधला ९५ आकडा म्हणजे अशा कणांपैकी निदान ९५ टक्के अडवण्याची हमी, आणि 'एन' म्हणजे तेलकट तुषारांसाठी नाही. ही वर्गवारी १९९५ ची आहे. तिच्यात वाफेविषयी एक अक्षर नाही. आमच्या मास्कने काहीही फसवले नव्हते. आम्हीच त्याला भलते काम सांगितले होते.

मग घरी फवारणी करणाऱ्याने काय घ्यावे? रबराचा किंवा सिलिकोनचा अर्धमुखी श्वासरक्षक, त्याला दोन्ही बाजूंना सेंद्रिय वाफेसाठी सक्रिय कोळशाच्या डब्या, आणि त्यांच्यावर बाहेरच्या अंगाने कणांची गाळणी. तेलकट तुषारांसाठी अमेरिकी पद्धतीत 'आर' किंवा 'पी' वर्गाची गाळणी पाहावी. डबी ओळखायची ती रंगाच्या पट्ट्यावरून. सेंद्रिय वाफेसाठी अमेरिकी पद्धतीत काळा पट्टा, युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा आणि 'ए' अक्षर. यातही एक मेख आहे. युरोपीय 'ए' डबी ६५ अंश सेल्सिअसच्या वर उकळणाऱ्या द्रव्यांसाठी असते. अ‍ॅसिटोन ५६ अंशांनाच उकळतो. जे सहज वाफ होते ते कोळशाला नीट चिकटून राहत नाही, आणि डब्यातील रंग ढकलणारा वायू तर जवळजवळ तसाच पार होतो. म्हणून खिडकी लावून घेण्याची आमची चूक मास्कच्या चुकीपेक्षा मोठी होती. गच्ची, अंगण, निदान वाऱ्याची गॅलरी, आणि श्वासरक्षक त्यानंतर. (बंद खोलीत ही वाफ पेटूही शकते. शेजारी देवघरात समई तेवत होती, हे आठवले की अजून अंगावर काटा येतो.) श्वासरक्षक चेहऱ्याला घट्ट बसला आहे का, हे डब्यांची तोंडे तळव्याने झाकून श्वास ओढला की कळते. मुखवटा गालांकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. दाढी किंवा चार दिवसांचे खुंट असतील तर तो राहत नाही.

एका प्रकारच्या रंगापुढे मात्र ही डबीही पुरेशी नाही. हल्ली घरोघरी फर्निचरला 'पीयू' करून घेतात. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलेल्या पॉलियुरेथेन रसायनाची ही पुढची पिढी. दोन डब्यांच्या पीयूमधील हार्डनरमध्ये आयसोसायनेटे असतात. भोपाळला १९८४ मध्ये सुटलेला मिथिल आयसोसायनेट हा त्यांचा गोतावळ्यातला. फर्निचरची आयसोसायनेटे त्याच्याइतकी सहज उडत नाहीत, पण फवाऱ्याच्या थेंबांवर बसून ती फुप्फुसात जातात. त्यांनी एकदा दमा जडला की पुढे अगदी अल्प मात्राही झटका आणते. धोक्याची पातळी ओलांडल्यावरही त्यांचा वास येत नाही, त्यामुळे डबी संपल्याचे नाक सांगत नाही. अशा कामाला बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आणि आपल्या सदनिकांत, दारे बंद करून, तोंडाला रुमाल बांधून पॉलिशवाला ते दिवसभर मारत असतो. आपण त्याला मधूनमधून चहा देतो.

वर्गात हा फरक दाखवणे सोपे आहे. माशांच्या टाकीचे सामान विकणाऱ्या दुकानात सक्रिय कोळसा मिळतो. झाकणाच्या तीन सारख्या बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत अत्तराचा एक थेंब लावलेला कागदाचा कपटा ठेवावा. एकीत कपभर कोळसा, दुसरीत तेवढाच कापूस घालावा, तिसरी तशीच ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना डोळे मिटून हुंगायला लावावे.

पुढच्या वर्षी आम्ही रीतसर काळ्या पट्ट्याच्या डब्यांचा श्वासरक्षक आणला आणि गच्चीवर उघड्या हवेत मखर रंगवले. काम झाल्यावर तो गॅलरीत खिळ्याला टांगून ठेवला आणि विसरलो. दिवाळीनंतर खुर्च्यांसाठी काढला तर पहिल्याच श्वासाला थिनरचा वास. दोन महिने तो गॅलरीतली दमट हवा, शेजारच्या घरातील रंगकाम आणि आमच्याच स्वयंपाकघरातील वाफा हुंगत बसला होता. दहा गुंठे भरून गेले होते. काम संपताच डब्या हवाबंद पिशवीत घालून ठेवायला हव्या होत्या. मुलीच्या हट्टाखातर आम्ही एक डबी करवतीने कापली. वर पांढरी गाळणी होती, तिच्यावर गेल्या गणपतीचा सोनेरी रंग बसलेला. खाली जाड्या रव्याएवढे काळे दाणे, कोरडे आणि स्वच्छ दिसणारे. तिने वर्तमानपत्रावर ते ओतले, लांबूनच हाताने हवा नाकाकडे ओढली आणि म्हणाली, "सगळा वास इथे आहे."